ड्रम कुणाचे, नाव कुणाचं?

दिवसभर एक्सेल शीटशी झटापट करून घरी निघालेल्या माणसाने कानात इअरफोन खुपसले, की त्याची गाण्याकडून फार अपेक्षा नसते. वाजलं म्हणजे झालं! ते रेकॉर्ड कधी झालं, कुठे झालं, मागे ड्रम कोण बडवतोय, असल्या चौकशा करायला वेळ कुणाला आहे? पण मंडळी, एक रोग असा आहे की तो जडला की या चौकशा केल्याशिवाय झोपच लागत नाही. सात इंची सिंगल्स जमवण्याचा रोग. आणि त्यातही जेम्स ब्राऊनच्या असतील, तर मग औषध नाही.

जेम्स ब्राऊन म्हणजे सोल संगीताचा 'गॉडफादर' आणि फंकचा तर जन्मदाताच. पहिल्या ठोक्यावर सगळ्या बँडने दणकून एकत्र यायचं, हा त्याचा नियम. आपल्याकडे तबलजी आणि गवई समेवर भेटतात ना, तसंच काहीसं. फक्त इथे सॅक्सोफोन, गिटार, बास, ड्रम सगळेच समेच्या मागे लागलेले. त्याची पहिली सिंगल 'प्लीज, प्लीज, प्लीज' १९५६ साली आली. सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सने ती आपल्या 'फेडरल' या लेबलवर काढली. किंगचा कारभार भारी होता. स्टुडिओ त्यांचा, तबकड्या छापायचा कारखानाही त्यांचाच. आज गाणं रेकॉर्ड करा आणि लवकरात लवकर ज्यूकबॉक्समध्ये पोचवा!

आता म्हणाल, अख्खा अल्बम घ्यायचा सोडून दोन-दोन गाण्यांच्या चकत्या कशाला जमवायच्या? तर गोम इथेच आहे. त्या काळात ब्राऊनचं खरं काम सिंगलवरच व्हायचं. अल्बम म्हणजे बऱ्याचदा मागाहून केलेली गोळाबेरीज. आणि सिंगलला जागेची मर्यादा. ४५च्या स्पीडने फिरणाऱ्या सात इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-चार मिनिटंच दणदणीत आवाजात मावतात. जास्त कोंबायला गेलं तर खाचा बारीक होतात आणि आवाज बसतो. ब्राऊनचा बँड मात्र एकदा सुटला की थांबायचं नाव घेत नसे. १९६७चं 'कोल्ड स्वेट' सात मिनिटांच्या वर गेलं. मग काय, गाणं मधोमध कापलं. पार्ट १ पुढच्या बाजूला, पार्ट २ मागच्या बाजूला. ऐन रंगात उठायचं, तबकडी उलटायची आणि पुन्हा सुई ठेवायची. पॉपकॉर्नशिवायचं इंटरव्हलच म्हणा ना!

दुसरा किस्सा 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग'चा. १९६५ साली हे गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा ते बऱ्यापैकी संथ आणि लांबलचक होतं. सिंगल काढताना टेपचा वेग वाढवला, गाणं कापलं आणि मग ते जगभर गाजलं. मूळ लांब टेक लोकांनी ऐकला तो थेट १९९१ साली, 'स्टार टाइम' या बॉक्स सेटमध्ये. म्हणजे सिंगल ही टेपची नुसती नक्कल नव्हती. रेडिओ आणि ज्यूकबॉक्सच्या छोट्या स्पीकरसाठी मोनोमध्ये मुद्दाम घडवलेली ती वेगळीच वस्तू होती.

मूळ किंग लेबलची चांगल्या अवस्थेतली तबकडी हवी असेल तर खिसा चांगलाच हलका होतो. आपल्यासारख्या ईएमआयवाल्यांचा आधार म्हणजे रीइश्यू, अर्थात अधिकृत पुनर्मुद्रण. ब्राऊन १९७१ साली आपल्या जुन्या गाण्यांसकट पॉलिडोरकडे गेला. (हो, तेच पॉलिडोर, ज्यांच्या भारतातल्या कंपनीने 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड काढली!) पुढे हा सगळा खजिना युनिव्हर्सलकडे आला आणि २००६ ते २०११ या काळात त्यांच्या 'हिप-ओ सिलेक्ट' लेबलने ब्राऊनच्या सिंगल्सचे ११ खंड सीडीवर काढले. ए बाजू, बी बाजू, सगळं क्रमाने. पहिला खंड आला त्याच वर्षी, २५ डिसेंबर २००६ला, ब्राऊन गेला.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सांगतो. १९७०च्या मार्चमध्ये 'फंकी ड्रमर' नावाची सिंगल आली. पुन्हा दोन भागांत कापलेली. अमेरिकेच्या आर अँड बी यादीत २०व्या नंबरवर, पॉप यादीत ५१व्यावर. बरी चालली आणि विसरली गेली. पुढची १६ वर्षं ती कुठल्याही अल्बममध्ये नव्हती. १९८६ साली 'इन द जंगल ग्रूव्ह' या संग्रहात नऊ मिनिटांचं पूर्ण गाणं आलं. त्यात एका जागी ब्राऊन बाकीच्यांना थांबवतो आणि ड्रमरला एकट्याला वाजवू देतो. ते काही सेकंद हिप-हॉपवाल्यांनी अक्षरशः लुटले. पब्लिक एनिमीच्या 'फाइट द पॉवर'मध्ये ते आहेत आणि जॉर्ज मायकलच्या 'फ्रीडम! ९०'मध्येसुद्धा. म्हणजे आपण सगळ्यांनी ते ड्रम कधी ना कधी ऐकलेत.

वाजवणाऱ्याचं नाव क्लाइड स्टबलफील्ड. तबकडीच्या गोल कागदावर ते नाव नाही. गाणं ब्राऊनच्या नावावर, ड्रमर पगारी. त्यामुळे जगभर त्या ठोक्यांवर गाणी उभी राहिली, पण हक्काने येणारी रॉयल्टी त्याच्या वाट्याला आली नाही. २०१७ साली तो गेला. प्रेझेंटेशन आपण रात्र रात्र जागून करायचं आणि वर नाव बॉसचं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना क्लाइडचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

चांगल्या रीइश्यूची किंमत मला इथे कळते. सिंगल्सच्या त्या खंडांबरोबर अ‍ॅलन लीड्सच्या नोंदी आहेत. हा ब्राऊनबरोबर काम केलेला माणूस. कुठलं गाणं कुठे झालं, बँडमध्ये कोण होतं, हे त्यात सापडतं. मूळ तबकडीने गिळलेली नावं पुनर्मुद्रणाने परत दिली.

तेव्हा जमवायला लागणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. लेबलवरचा बारीक मजकूर आधी वाचा, हक्क कुणाचे आणि साल कुठलं ते बघा. त्याचा पत्ताच नसेल तर माल चोरटा असण्याची शक्यता दाट. गाणं मोनो आहे की स्टिरिओ, हे विचारून घ्या. अमेरिकन सिंगलच्या मधलं भोक मोठ्ठं असतं, त्यासाठी प्लॅस्टिकचा छोटा अ‍ॅडॅप्टर आणून ठेवा. आणि पुढेमागे भाव वाढेल म्हणून रीइश्यू घेऊ नका, त्यासाठी म्युच्युअल फंड आहेत!

सुरुवात 'कोल्ड स्वेट'पासून करा. त्यात ब्राऊन ड्रमरला मोकळं सोडतो तेव्हा आवाज थोडा वाढवा. तो क्लाइडच आहे.