मंदीत तरी सगळं चेकने



सध्या घर घेणाऱ्याचे दिवस आहेत असं सगळे म्हणतात. पुण्यात आमच्या भागात जुन्या सोसायट्यांच्या गेटवर 'फ्लॅट विकणे आहे'चे फलक महिनोन्महिने लटकलेले आहेत. एजंट स्वतःहून फोन करतात. मालक चहा पाजून फ्लॅट दाखवतो. अशा वेळी आपली माणसं काय करतात? दोन-तीन लाख कमी करून घेतात आणि त्याच खुशीत दहा-बारा लाख रोख द्यायला निमूट तयार होतात. माझं भांडण या रोखीशी आहे.

तेजीत एक सबब होती. 'मालक ऐकतच नाही, आपण नाही म्हटलं तर मागे पाच जण उभे आहेत.' ती मला पटत नव्हती, पण समजत तरी होती. आता मागे कोणी उभं नाही, अटी घालायच्या त्या घेणाऱ्याने. तरीही रोख निघतेच. म्हणजे ती एकट्या मालकाला हवी नव्हती. दुकानातली न दाखवलेली रक्कम कुठेतरी जिरवायची असते, हे आपण सगळ्याजणी जाणतो आणि बोलत नाही.

मी बी.कॉम. आहे, म्हणून आधी हिशोबच मांडते. फ्लॅट 60 लाखांना ठरला, रेडी रेकनरप्रमाणे किंमत 48 लाख. करारनामा 48 चा, 12 लाख रोख. पुण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क धरलं तर वाचले 84 हजार. आता उद्या हाच फ्लॅट विकायला काढा. कागदावर खरेदी 48 लाख, म्हणून नफा 12 लाखांनी जास्त दिसणार. त्यावर 12.5 टक्के कर म्हणजे दीड लाख, सवलती बाजूला ठेवल्या तर. 84 हजार वाचवायला दीड लाख! यावर उत्तर ठरलेलं असतं: 'मग विकताना आपणही रोख घ्यायची.' झालं, एक खोटं निस्तरायला दुसरं. शिवाय बँक कर्ज देते ते करारनाम्यावरच्या रकमेवर. वरची रोख उभी करायला शेवटी कुणाच्या पाटल्या मोडल्या जातात, ते सांगायला नको.

आणि कायदा? 1 जून 2015 पासून घर-जमिनीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही. स्वीकारली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. पण देणाऱ्याचं काय होतं, ते माझ्या नात्यातल्या एका भगिनीने पाहिलं. मालकाने व्यवहार मोडला, चेकचे पैसे परत केले आणि रोखीच्या पाच लाखांचं नावच काढलं नाही. पावती नाही, साक्षीदार नाही. तक्रार करायची तर आधी स्वतःचाच गुन्हा सांगावा लागतो. उद्या घरातला कर्ता माणूस गेला, तर अशा व्यवहारातलं त्याच्या बायकोला काय ठाऊक असणार?

पर्युषणाच्या दहा दिवसांत आपण तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार येतात. त्यात विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याचे नियम डावलून व्यवहार करणं. हीनाधिकमानोन्मानही आहे, म्हणजे घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं. 60 लाखांचा सौदा आणि 48 लाखांचा कागद, ही दोन मापं नाहीत तर काय? कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही, दिवस मावळायच्या आत जेवायचं, नव्या घरात थाटात शांतिविधान करायचं, आणि ज्या कागदावर ते घर उभं आहे तो खोटा! ही ठरवाठरवी चालू असताना आपण आत पोहे परतत असतो. मला याचा राग येतो.

एक गंमत सांगते. ही रोख म्हणजे बाजारभाव आणि रेडी रेकनर यांच्यातली फट असते. मंदीत भाव खाली येतात, तशी ती फट आपोआप मिटत जाते. अशा वेळी मालकाला सरळ सांगा, 'तुम्ही चार पैसे कमी करा, आम्ही सगळं चेकने देतो.' फलक लावून थकलेला माणूस ऐकतो. मात्र उलट टोकाला जाऊन फार खालीही घासू नका. भाव रेडी रेकनरपेक्षा खाली गेला, तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरवरच भरावं लागतं. तो फरक 10 टक्क्यांवर गेला, की तो आपलं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो.

शिवाय खरा कागद करायची भीती वाटते ती शुल्कामुळे ना? मग घर बाईच्या नावावर घ्या. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात त्यावर 1 टक्का सवलत आहे. 60 लाखांवर 60 हजार. मात्र नुसतं सहमालक म्हणून बाईचं नाव घालून ती मिळत नाही, खरेदी फक्त बायकांच्या नावावर लागते. हे सांगितलं की कित्येक घरांत एकदम शांतता पसरते, हेही मी पाहिलं आहे.

रेडी रेकनरचा दर बघायला एजंट लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक दर तक्ता असतो. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की दर समोर येतो. फ्लॅट बघायला निघायच्या आधी तो आकडा वहीत लिहून घ्या, आणि बैठकीला स्वतः बसा. चहा दुसरं कुणीतरी करील.