करवतीचे बळ कोठे जाते?

जुन्या आंबाबागांच्या पुनरुज्जीवनासाठी कोकणात साखळी करवत वापरली जाते. रिकामी फिरताना ती गर्जते, परंतु जाड फांदीत शिरताच मंदावते. अशा वेळी कार्ब्युरेटरचा पेच आवळण्याची खोड सर्वांत घातक होय. त्यामुळे इंधन घटून यंत्र क्षणभर चपळ वाटते खरे. परंतु या टू-स्ट्रोक इंजिनास वंगण पेट्रोलात मिसळलेल्या तेलातूनच मिळते. इंधन घटले की वंगणही घटते, आणि तापलेला दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून इंजिन निकामी होते.

पेचास हात लावण्यापूर्वी भुसा पाहावा. जाडसर किसाऐवजी पिठासारखी भुकटी पडत असेल व करवत दाबावी लागत असेल, तर इंजिन निर्दोष असून दाते बोथट आहेत, असे समजावे. तेथे कानसच हवी. ग्रामसेवकांनी प्रात्यक्षिकात कापण्याइतकाच वेळ कानशीस द्यावा.

धार चांगली असूनही बळ कमी पडल्यास हवेची गाळणी झाडावी, सायलेन्सरच्या जाळीवरील काजळी काढावी. काही वेळ चालून इंजिन दम टाकत असेल, तर ते बंद करून निवू द्यावे व टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि झाकण लावल्यावर यंत्र पुन्हा काही काळ नीट चालले, तर टाकीचे वायुछिद्र बुजले आहे. तसे नसल्यास टाकीतील इंधनाची गाळणी तपासावी. गेल्या हंगामातील उरलेले मिश्रण मात्र वापरूच नये. हल्लीच्या पेट्रोलातील इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते.