'ध्यानस्थ' या विशेषणाविरुद्ध

चोसन काळातील पांढऱ्या पोर्सलेनचा मोठा कुंभ, ज्याला कोरियात 'दाल हांगारी' म्हणजे चंद्रकुंभ म्हणतात, तो कुणी पेन्सिलीने रेखाटला की समीक्षक हटकून 'ध्यानस्थ' हे विशेषण काढतो. त्याने चित्राविषयी काय सांगितले जाते? माझ्या मते काहीच नाही. पाहण्याचे काम टाळण्याची सोय तेवढी होते.

या सोयीला इतिहास आहे. यानागी मुनेयोशी या जपानी विचारवंताने १९२० च्या आसपास कोरियन कलेच्या मुळाशी 'दुःखाचे सौंदर्य' असल्याचे प्रतिपादन केले. पांढऱ्या रंगात त्याला शोक दिसला. त्याची सहानुभूती खोटी नव्हती. सेऊलचे क्वांगह्वामुन हे राजद्वार पाडण्याच्या वसाहती सरकारच्या बेताविरुद्ध त्याने १९२२ मध्ये उघडपणे लिहिले. तरीही जित समाजाची वस्तू जेत्या समाजातील रसिकाला सोशिक आणि मूक दिसावी, हा योगायोग नव्हे. पुढे कोरियन अभ्यासकांनी नेमके यावरच बोट ठेवले. आता 'शोका'च्या जागी 'ध्यान' आले आहे. मुकेपणा तोच.

वस्तू मात्र मुकी नाही. सेऊलनजीकच्या क्वांगजू परिसरातील दरबारी भट्ट्या आसपासचे सरपण संपले की, साधारण दहा वर्षांनी, जागा बदलत. १७५२ मध्ये त्या एका ठिकाणी स्थिरावल्या. एवढा कुंभ चाकावर एकसंध उचलणे कठीण, म्हणून दोन अर्धगोल वाडगे वेगळे घडवून तोंडाला तोंड लावून सांधले जात. भाजताना आकार थोडा खचे. ज्या बेडौलपणाचे इतके कौतुक होते, तो मातीच्या वजनाचा आणि कुंभाराच्या श्रमाचा हिशेब आहे.

पेन्सिलीची अडचण इथेच मोलाची ठरते. ग्राफाइटला पांढरे करता येत नाही. तिथे पांढरा म्हणजे न शिवलेला कागद. चित्रकाराच्या हाती फक्त सावली उरते, आणि कुंभाच्या पोटावरची सावली सांध्यापाशी अडखळते. ते अडखळणे त्याने राखले की गुळगुळीत वर्तुळासाठी बुजवले, हा समीक्षेचा प्रश्न. 'ध्यानस्थ' म्हटले की तो विचारावाच लागत नाही.

कोरियन चित्रकार स्वतःच मन रिते करण्याची भाषा बोलतात, असा आक्षेप येईल. पार्क सो-बो (१९३१–२०२३) बोलत असे, हे खरे. पण १९६७ पासून ओल्या पांढऱ्या रंगात त्याने ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघांचे मूळ त्याने सांगितले ते असे: चौकटीच्या वहीत अक्षर बसवू पाहणारा त्याचा लहान मुलगा, आणि ते जमेना तेव्हा त्याने कागदभर मारलेल्या रेघोट्या.