विद्यापीठ परिसरातील शस्त्रधारणेचा वाद (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परवानाधारक व्यक्तीला महाविद्यालयाच्या वा विद्यापीठाच्या आवारात कपड्यांखाली किंवा दप्तरात दडवून पिस्तूल बाळगण्याची मुभा असावी की नसावी, या प्रश्नावरील वाद ‘कॅम्पस कॅरी’ या नावाने ओळखला जातो. शस्त्र उघडपणे कमरेला लावून फिरण्याचा प्रश्न यात येत नाही. शेजारच्या बाकावरील व्यक्तीजवळ पिस्तूल आहे की नाही हे इतरांना कळू नये, हेच या तरतुदीचे स्वरूप असून वादाचे मूळही त्यातच आहे. हा विषय प्रामुख्याने राज्य विधिमंडळांच्या अखत्यारीत येत असल्याने एका राज्यात जो हक्क मानला जातो तोच लगतच्या राज्यात गुन्हा ठरू शकतो.

ऑस्टिन, १९६६

१ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून चार्ल्स व्हिटमन या त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने सुमारे दीड तास गोळीबार करून डझनाहून अधिक माणसे मारली. तत्पूर्वी त्याने आपल्या आईची व पत्नीची हत्या केली होती. शस्त्रधारणेचे समर्थक व विरोधक असे दोघेही या घटनेचा दाखला देतात, ही तिची विशेष बाब होय. त्या दिवशी काही विद्यार्थी व नागरिक यांनी घरातून शिकारीच्या बंदुका आणून खालून मनोऱ्यावर गोळ्या झाडल्या. त्यामुळे व्हिटमनला कठड्याआड दडून राहावे लागले व त्याची नेमबाजी मंदावली, असे समर्थक म्हणतात. मनोऱ्यावर चढलेल्या पोलिसांपैकी एकाने पुढे या नागरिकांचे ऋणही मान्य केले. तथापि जे पोलीस अखेरीस त्याच्यापर्यंत पोहोचले, त्यांना खालून येणाऱ्या याच गोळ्यांपासूनही जीव सांभाळावा लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. येथे एवढे नोंदवले पाहिजे की त्या बंदुका लांब पल्ल्याच्या होत्या आणि त्या घरून आणल्या होत्या. आजच्या वादातील दडवलेले पिस्तूल एवढ्या उंचीवरील माणसापुढे निरुपयोगी ठरले असते.

व्हर्जिनिया टेक

आधुनिक वादाला खरे तोंड फुटले ते १६ एप्रिल २००७ रोजी. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार मारले. मृतांमध्ये मुंबईहून स्थापत्यशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी आणि मूळचे भारतीय असलेले अभियांत्रिकीचे एक प्राध्यापकही होते. नाझी छळातून बचावलेले वृद्ध प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू यांनी वर्गाचे दार अंगाच्या भाराने रोखून धरले आणि विद्यार्थी खिडक्यांतून निसटेपर्यंत ते हलले नाहीत. त्यात त्यांचा अंत झाला.

या घटनेच्या सव्वा वर्ष आधी, जानेवारी २००६ मध्ये, व्हर्जिनियाच्या विधिमंडळात परवानाधारकांना आवारात शस्त्र बाळगू देणारे एक विधेयक उपसमितीतच बारगळले होते. ते संमत झाले असते तर वर्गांतील कोणीतरी उलट गोळी झाडू शकले असते, असा युक्तिवाद हत्याकांडानंतर लगेच पुढे आला आणि ‘स्टुडंट्स फॉर कन्सील्ड कॅरी ऑन कॅम्पस’ ही विद्यार्थी संघटना त्याच वर्षी उभी राहिली. मात्र घटनेच्या चौकशीत निघालेली दुसरी गोष्ट तितकी गाजली नाही. हल्लेखोर स्वतःला धोकादायक असल्याचा निर्वाळा न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्येच दिला होता. हा निर्वाळा केंद्रीय नोंदवहीत पोहोचला नाही, म्हणून त्याला दोन पिस्तुले दुकानातून रीतसर विकत मिळाली. ही फट बुजवण्यासाठीचा केंद्रीय कायदा जानेवारी २००८ मध्ये झाला. वर्गात कोणाजवळ शस्त्र असावे यावर मात्र त्याहून कितीतरी अधिक शाई खर्ची पडली.

राज्यांचे कायदे

सर्व सार्वजनिक विद्यापीठांत शस्त्रास मुभा देणारे पहिले राज्य युटा होय. युटा विद्यापीठाने आपली बंदी टिकवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली, परंतु २००६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाच्या बाजूने कौल दिला. पुढे आयडाहो, कॅन्सस, आर्कान्सा, जॉर्जिया इत्यादी राज्यांनी निरनिराळ्या अटींसह हीच वाट धरली. टेनेसीने ही सवलत केवळ पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना दिली. जॉर्जियाचे राज्यपाल नेथन डील यांनी २०१६ मध्ये असे विधेयक नाकारले व काही बदलांनंतर २०१७ मध्ये त्याच आशयाच्या विधेयकावर स्वाक्षरी केली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या ‘हेलर’ खटल्यात शस्त्र बाळगणे हा व्यक्तिगत हक्क मानला. पण शाळा व सरकारी इमारती यांसारख्या ‘संवेदनशील स्थळां’वरील बंदीबाबत त्या निकालाने शंका उपस्थित केलेली नाही, असेही स्पष्ट केले. प्रौढांचे विद्यापीठ या अर्थाने ‘शाळा’ ठरते काय, यावर वकिलांची मते आजही दुभंगलेली आहेत.

टेक्ससचा अनुभव

टेक्ससमध्ये राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी जून २०१५ मध्ये स्वाक्षरी केलेला कायदा १ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे मनोऱ्यावरील हत्याकांडाच्या बरोबर पन्नासाव्या स्मृतिदिनी अमलात आला. खाजगी विद्यापीठांना नकाराधिकार होता आणि जवळजवळ सर्वांनी तो वापरला. ज्या विधिमंडळाने सार्वजनिक विद्यापीठांना ही निवड दिली नाही त्यानेच खाजगी संस्थांना ती दिली. मालमत्तेचा हक्क शस्त्राच्या हक्काहून वरचढ मानला गेला, असा त्याचा अर्थ होतो.

टेक्सस विद्यापीठ समूहाचे तत्कालीन कुलपती विल्यम मॅकरेव्हन यांनी या कायद्यास उघड विरोध केला. ते नौदलाचे निवृत्त ॲडमिरल असून ओसामा बिन लादेनवरील कारवाईचे सूत्रसंचालन त्यांनी केले होते. शस्त्रांची ओळख नसल्यामुळे भिणारा माणूस म्हणून त्यांची संभावना करणे कोणालाच शक्य नव्हते. तरीही त्यांचे म्हणणे डावलले गेले. ऑस्टिनमधील वास्तुशास्त्र शाखेचे अधिष्ठाता फ्रिट्झ स्टायनर यांनी विद्यापीठ सोडताना या कायद्याचाही उल्लेख केला, तर अर्थशास्त्रज्ञ डॅनियल हॅमरमेश यांनी तेथील आपले अध्यापन थांबवले. विद्यार्थ्यांनी केलेला निषेध विलक्षण होता: आवारात अश्लील वस्तूंना बंदी पण पिस्तुलास परवानगी, या विसंगतीवर बोट ठेवण्यासाठी त्यांनी लैंगिक खेळणी दप्तरांना लटकवून मिरवली. अभिरुचीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मुद्दा बिनतोड होता.

विद्यापीठाच्या नियमांनुसार वर्गात शस्त्र आणता येते; मात्र प्राध्यापकाला स्वतःच्या स्वतंत्र खोलीत ते वर्ज्य करता येते. पिस्तुलाच्या नळीत गोळी भरलेली नसावी, अशी सावधगिरीची अट विद्यापीठाने सुचवली होती. नियामक मंडळाने तीही वगळली. तीन प्राध्यापिकांनी दाखल केलेला दावा, वर्गातील शस्त्राच्या भीतीने चर्चेवर दडपण येते, या मुद्द्यावर आधारलेला होता. २०१८ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो फेटाळला; परवानाधारकांकडून होणारी संभाव्य हानी पुरेशी निश्चित नसल्याने दावा करण्याचा अधिकारच सिद्ध होत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ह्यूस्टन विद्यापीठातील प्राध्यापकांसमोरच्या एका सादरीकरणात मात्र संवेदनशील विषय जपून हाताळण्याचा, प्रसंगी अभ्यासक्रमातून गाळण्याचाही सल्ला देण्यात आला होता. गुणपत्रिकेवरून चिडलेला विद्यार्थी आणि ती देणारा शिक्षक यांच्यामधील अंतर किती थोडे असते, हे ज्याने वर्ग घेतला आहे त्याला सांगावे लागत नाही.

कायद्यामुळे रक्तपात वाढेल ही विरोधकांची भविष्यवाणी टेक्ससमध्ये खरी ठरली नाही, हे मान्य केले पाहिजे. परवान्यासाठी मूळ वयोमर्यादा २१ असल्याने बहुसंख्य पदवी विद्यार्थी त्यातून वगळले गेले होते. २०२२ मधील एका केंद्रीय न्यायालयाच्या निकालानंतर १८ ते २० वयाच्या तरुणांनाही परवान्याचे दार उघडले आहे. अपघात मात्र घडले. सप्टेंबर २०१६ मध्ये टेक्ससमधील एका विद्यापीठाच्या वसतिगृहात विद्यार्थ्याच्या हातून चुकून गोळी सुटली. तत्पूर्वी २०१४ मध्ये आयडाहोत, कायदा लागू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत, एका परवानाधारक प्राध्यापकाच्या खिशातील पिस्तुलाने भर वर्गात त्याच्याच पायाचा वेध घेतला.

सशस्त्र विद्यार्थी प्रत्यक्षात काय करतो

समर्थकांचे आवडते उदाहरण व्हर्जिनियातील ॲपलॅशियन विधी महाविद्यालयाचे. जानेवारी २००२ मध्ये तिघांची हत्या करणाऱ्यास विद्यार्थ्यांनी पकडले व त्यांपैकी दोघांनी आपापल्या मोटारींतून पिस्तुले आणली होती. परंतु ते दोघे पोलीस सेवेतील प्रशिक्षण घेतलेले होते, आणि हल्लेखोराने शस्त्र त्यांच्या धाकाने टाकले की आधीच, याविषयी साक्षीदारांत एकवाक्यता नाही. याउलट १ ऑक्टोबर २०१५ रोजी ओरेगनमधील अम्प्क्वा महाविद्यालयात नऊ जण मारले गेले, तेव्हा आवारातच पिस्तूल बाळगून असलेल्या एका माजी सैनिक विद्यार्थ्याने मध्ये न पडण्याचा निर्णय घेतला. धावून येणारे पोलीस आपल्यालाच हल्लेखोर समजतील, असे त्याने नंतर सांगितले. विद्यापीठांतील पोलीस अधिकाऱ्यांच्या संघटनेनेही नेमक्या याच कारणास्तव या कायद्यांना विरोध केला आहे.

आत्महत्येचा प्रश्न

सामूहिक हत्याकांडांच्या छायेत चाललेल्या या वादात सर्वांत महत्त्वाची बाब सर्वांत कमी बोलली जाते. अमेरिकेत बंदुकीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. अन्य मार्गांनी केलेल्या आत्महत्येच्या बहुतेक प्रयत्नांतून माणूस वाचतो, तर बंदुकीच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रयत्नांत त्याचा मृत्यू होतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत आत्महत्येचे प्रमाण त्याच वयाच्या इतर तरुणांपेक्षा कमी आढळते, आणि आवारात बंदूक सहजी हाताशी नसणे हे त्याचे एक कारण संशोधक सांगतात. परीक्षेतील अपयश, प्रेमभंग, घरापासूनचे अंतर हे सारे त्या वयात काही तासांचे वादळ असते. वसतिगृहात शस्त्र ठेवण्यास अनेक विद्यापीठांनी केलेला विरोध या वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. दहशतीच्या घटनांशी त्याचा संबंध थोडा.

सद्यस्थिती

वेस्ट व्हर्जिनियात अशी परवानगी १ जुलै २०२४ पासून लागू झाली. कोलोरॅडोने याच्या उलट दिशा घेतली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विद्यापीठाची बंदी अवैध ठरवली होती. पण २०२४ मध्ये विधिमंडळाने महाविद्यालयांचा समावेश संवेदनशील स्थळांत करून तीच बंदी कायद्याने परत आणली.