तैवानच्या डोंगरातली बखर

मादागास्करच्या बाजारात पाचाला 'दिमी' म्हणतात. हिंदी महासागर ओलांडून मलय मुलखात गेलं की तोच आकडा 'लिमा' होतो. एका शब्दावरून नातं जोडण्याची घाई करू नये हे खरं. पण जळवेला मलयात 'लिंता' आणि मादागास्करात 'दिंता' म्हणतात. 'लि'चा 'दि' असा नेमाने होऊ लागला की योगायोगाला जागा उरत नाही. डच दर्यावर्दी फ्रेडरिक दे हाउटमनने 1603 साली दोन्ही भाषांचे शब्द एकाच पुस्तकात छापले होते. 1951 मध्ये नॉर्वेच्या ओटो दाल यांनी मादागास्करच्या मालागासी भाषेची सख्खी बहीण बोर्निओतली मान्यान असल्याचं दाखवलं. बोर्निओहून मादागास्करला गेलेल्या दर्यावर्द्यांनी लिहून काहीच ठेवलं नव्हतं, तरी त्यांच्या सफरीचा पुरावा त्यांच्या बोलण्यात शाबूत राहिला.

'लिमा' म्हणजे मुळात हात. मलयात हाताला पुढे 'तंगान' हा दुसरा शब्द आला. जुना हात फक्त मोजणीत उरला. हवाईत मात्र 'लिमा' आजही हात आहे आणि पाचही, आणि तैवानच्या पायवान लोकांतही तसंच.

तैवानचं महत्त्व इथेच आहे. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांच्या मांडणीनुसार, या सगळ्या भाषा ज्यात येतात त्या ऑस्ट्रोनेशियन कुळाच्या दहा मूळ शाखांपैकी नऊ या एका बेटावर आहेत. मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंतच्या हजाराहून अधिक भाषा उरलेल्या एका शाखेत मावतात. म्हणजे कोट्यवधी लोकांच्या इतिहासाची सर्वांत जुनी पानं मूठभर डोंगरी माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत फाटताहेत. 1895 ते 1945 जपानी राजवट होती, नंतर शाळांतून मँडरिनची सक्ती आली. मातृभाषा बोलली म्हणून मुलांना शिक्षा झाल्या. इथली पाझेह भाषा अस्खलित बोलणारी शेवटची वृद्धा 2010 मध्ये गेली. 2017 साली तैवानने आदिवासी भाषांसाठी कायदा केला. तो फार उशिरा आला, तरी त्याचं मनापासून स्वागत करायला हवं. ब्लस्ट यांनी थाव भाषेचा हजाराहून अधिक पानांचा कोश 2003 मध्ये काढला, तेव्हा ती बोलणारे बहुतेक म्हातारेच उरले होते. सिराया भाषेच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. तिचे वारस आज आपले शब्द 1661 साली डच पाद्र्यांनी छापलेल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानातून वेचून मुलांना शिकवत आहेत.