संचालक मंडळावरची रिकामी खुर्ची

गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. एका सरकारी कंपनीच्या कार्यालयात ठेकेदारामार्फत झाडलोट करतात. ठेकेदाराचा सुपरवायझर त्रास देत होता. कसला, ते या अंकाच्या वाचक मैत्रिणींना उलगडून सांगायला नको. वर चार महिन्यांचा पगार अडकलेला. कार्यालयातले साहेब म्हणाले, "तुम्ही आमच्या नाही, ठेकेदाराच्या." ठेकेदार म्हणाला, "कंपनीनं बिलच काढलं नाही, मी कुठून देऊ?" आम्ही कंपनीला लेखी विचारलं, तेव्हा पैशांचा निर्णय वरून यायचा आहे एवढंच उत्तर मिळालं.

"ताई, ह्या कंपनीचा मालक आहे तरी कोण?" मावशींनी विचारलं.

"सरकार," मी म्हणाले.

"ते झालंच. पण म्हणजे कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात मी कामगार कायदे शिकले, कंपनी कायद्याचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. ते आपलं क्षेत्र नाही, शेअरबाजारवाल्यांचं, असंच वाटायचं. मावशींच्या प्रश्नामुळे ते उघडावं लागलं.

कागदावर रचना सोपी आहे. कंपनीचा कारभार संचालक मंडळ पाहतं. त्यात कंपनीतले अधिकारी-संचालक असतात, मंत्रालयाने पाठवलेले प्रतिनिधी असतात आणि काही 'स्वतंत्र संचालक' असतात. ज्यांचा कंपनीशी आर्थिक हितसंबंध नाही, ज्यांनी हिशेब तपासायचे, अडचणीचे प्रश्न विचारायचे, असे हे बाहेरचे लोक. २०१३ च्या कंपनी कायद्याने आणखी एक गोष्ट केली. शेअरबाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांच्या मंडळावर निदान एक तरी बाई हवी, असं सांगितलं. पुढे सेबीने मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांमध्ये ती बाई स्वतंत्र संचालक असली पाहिजे, अशी अट घातली. पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून, पहिल्या हजारांना १ एप्रिल २०२० पासून.

ही अट मोडणाऱ्यांच्या यादीत खाजगी घराणी असतील असं मला वाटलं होतं. पण त्या यादीत इंडियन ऑइल, ओएनजीसी, गेल अशी सरकारी नावं पुन्हापुन्हा दिसतात. पुरेसे स्वतंत्र संचालक नाहीत, कुठे बाई संचालक नाही, म्हणून शेअरबाजार या कंपन्यांना दंड करतो. दिवसाला ५ हजार रुपये. त्यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं: संचालक नेमणं आमच्या हातात नाही, ते सरकार नेमतं, तेव्हा दंड माफ करावा. उत्तर खोटंही नाही. पण गंमत पाहा. नियम सरकारी यंत्रणेचा, तो मोडणारं सरकारी मंत्रालय, दंड सरकारी कंपनीला, आणि भरायचा तो लोकांच्या पैशातून. खुर्ची रिकामी ठेवणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

खुर्ची भरली जाते तेव्हा कशी भरली जाते, हेही पाहू. २०२१ साली इंडियन एक्स्प्रेसने माहितीच्या अधिकारातून यादी काढली. ९८ सरकारी कंपन्यांतल्या १७२ स्वतंत्र संचालकांपैकी किमान ८६ जण सत्ताधारी पक्षाशी संबंधित निघाले. यात 'स्वतंत्र' कोणापासून, हा प्रश्न उरतोच. पक्ष बदलला की नावं बदलतील, पद्धत बदलेल असं मात्र मला वाटत नाही. आपल्या ग्रामपंचायतीतल्या सरपंचपतींना हसणाऱ्यांनी या मंडळांकडेही एकदा नजर टाकावी.

याचा परिणाम कुठे होतो, ते पाहायला दूरसंचारासारखं उदाहरण नाही. महानगर टेलिफोन निगम १९८६ साली मुंबई आणि दिल्लीसाठी निघालं. बाकी देशासाठी भारत संचार निगम १ ऑक्टोबर २००० रोजी सुरू झालं, पूर्णपणे सरकारी मालकीचं. खात्याची कंपनी केली की निर्णय झटपट होतील, व्यवसाय व्यवसायासारखा चालेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. प्रत्यक्षात काय झालं? २०१० साली थ्रीजी लहरींचा लिलाव झाला. खाजगी कंपन्यांनी परवडेल तिथे बोली लावली. या दोन सरकारी कंपन्यांनी बोली लावलीच नव्हती, त्यांना लहरी नेमून दिल्या गेल्या आणि लिलावात निघालेली किंमत भरायला सांगितलं गेलं. महानगर निगमला त्यासाठी कर्ज काढावं लागलं. पुढे फोरजीची वेळ आली, तेव्हा खाजगी कंपन्या धावत होत्या आणि भारत संचार निगमला त्या लहरी देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेत झाला. जिओ सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं उलटली होती. देशी बनावटीचं फोरजी जाळं रीतसर सुरू झालं ते सप्टेंबर २०२५ मध्ये. यातला कोणता निर्णय संचालक मंडळाने स्वतःच्या बुद्धीने घेतला, ते शोधून काढावं लागेल.

तोटा झाला तेव्हा मात्र खापर फुटलं कामगारांवर. माणसं जास्त आहेत, म्हातारी आहेत, काम करत नाहीत. २०१९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती आली आणि ३१ जानेवारी २०२० ला भारत संचारमधून सुमारे ७८ हजार आणि महानगरमधून सुमारे १४ हजार माणसं एका दिवसात घरी गेली. त्याच २०१९ मध्ये भारत संचारच्या कंत्राटी कामगारांचं वेतन महिनोनमहिने थकलं होतं. कायम नोकरीवाल्यांना निदान योजना होती, पॅकेज होतं. ठेकेदाराच्या माणसांना काय होतं? झाडलोट, पहारा ही कामं करणाऱ्यांचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसतंच. 'खर्च कमी करा' हा ठराव वर मंजूर होतो, तेव्हा पहिली कात्री लागते ती झाडूवाल्या बाईच्या तासांना.

काही मैत्रिणी म्हणतील, बोर्डावर एखादी बाई बसल्याने मावशींना काय मिळणार? तीही त्याच वर्गातली, त्याच गाडीतून येणारी. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि 'एक बाई' ही अट म्हणजे मुक्ती असं मी मुळीच मानत नाही. तरीही खुर्ची रिकामी असणं आणि तिच्यावर कुणी बसलेलं असणं यात फरक आहे. रिकाम्या खुर्चीला निवेदन देता येत नाही.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो: मग विकून टाका ना. विदेश संचार निगमचं आठवतं? फेब्रुवारी २००२ मध्ये सरकारने तिचा ताबा टाटा समूहाला दिला. तीन महिन्यांत नव्या मंडळाने त्याच समूहाच्या टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये १२०० कोटी रुपये गुंतवायचं ठरवलं आणि स्वतः सरकारलाच, भागीदार म्हणून, आरडाओरडा करावा लागला. मालक बदलल्याने जाब विचारण्याची सोय आपोआप होत नाही, एवढंच त्यातून मी घेते.

आता आपल्या हातात काय आहे ते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दात ठेकेदारामार्फत येणारी बाई स्पष्टपणे येते. "ती आमची नाही" हे उत्तर बेकायदा आहे. मी दोन ठिकाणी अंतर्गत समितीची बाहेरची सदस्य आहे, आणि सांगते की कंत्राटी बायकांपर्यंत समितीचं नावही पोहोचलेलं नसतं. जुलै २०२५ पासून संचालक मंडळाच्या वार्षिक अहवालात वर्षात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती ९० दिवसांहून अधिक काळ पडून आहेत, हे आकडे द्यावे लागतात. जिथे शेकडो बायका काम करतात तिथे 'तक्रारी: शून्य' असं छापून आलं, तर ते आपण आनंदाने वाचायचं कारण नाही. शिवाय सरकारी कंपनीला माहितीचा अधिकार लागू आहे, खाजगीला नाही. कोणती खुर्ची किती महिने रिकामी होती, ठेकेदाराचं बिल कोणत्या तारखेला आलं आणि कोणत्या तारखेला निघालं, हे साध्या अर्जावर विचारता येतं.

मावशींच्या बाबतीत आम्ही तेच केलं. बिलाच्या तारखा मागितल्या. अर्ज गेल्यावर तीन आठवड्यांत दोन महिन्यांचा पगार झाला, दोन अजून बाकी आहेत. तक्रार समितीपुढे आहे. सुपरवायझरची बदली केली असं तोंडी सांगतात, लेखी दिलेलं नाही.

आणखी एक ठरवलं आहे. ती कंपनी शेअरबाजारात नोंदलेली आहे, आणि एक शेअर असला तरी वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येतो. आमच्या गटातल्या दोघींनी एकेक शेअर घेतला. (त्यासाठी डीमॅट खातं काढताना बँकेतल्या मुलाने "मॅडम, एकच?" असं तीनदा विचारलं.) सभा ऑनलाइन असते आणि बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. आमचे प्रश्न लिहून तयार आहेत. तुमच्या गावातल्या सरकारी कंपनीच्या कार्यालयात झाडू मारणाऱ्या बायकांना भेटून आणखी काही सुचलं, तर सभेच्या आधी कळवा.