‘टंचाई’चा कर्ता

मे महिना लागला की ठाणे जिल्ह्याच्या बातम्यांत एक मथळा ठरलेला असतो: शहापूर, मुरबाडमध्ये तीव्र पाणीटंचाई. मुंबईच्या बातम्यांत त्याच सुमाराला दुसरा शब्द येतो, पाणीकपात. २०२४च्या जूनमध्ये मुंबईत दहा टक्के कपात लागू झाली. दोन्ही शब्दांचा अर्थ आपण ‘पाणी कमी पडले’ एवढाच घेतो आणि पुढे सरकतो. पण कपात कोणीतरी करते. महापालिका ती जाहीर करते, टक्का सांगते, मागे घेतली की तेही सांगते. टंचाई मात्र ‘निर्माण होते’, ‘जाणवते’, ‘भेडसावते’. व्यापाऱ्याने धान्य दडवले की आपण न चुकता ‘कृत्रिम टंचाई’ म्हणतो. पाड्यावरच्या पाण्याला हे विशेषण कोणी लावत नाही.

या शब्दाचा सरकारी इतिहास पाहण्यासारखा आहे. १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने आयोग नेमला आणि १८८३मध्ये दुष्काळसंहितेचा मसुदा आला. टंचाई ही अलीकडची पायरी, दुष्काळ ही पलीकडची, आणि दुष्काळ जाहीर केला की मदतीची जबाबदारी सरकारवर येणार, अशी ती रचना होती. १९६३मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी ‘टंचाई’ बसवला. सरकार परिस्थितीवर सतत लक्ष ठेवते आणि वेळेवर मदत देते, तेव्हा आता दुष्काळ पडायला वावच उरलेला नाही, हे त्याचे कारण. नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. गावोगावचे म्हातारे आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात. बहात्तरची टंचाई असे कोणाच्या तोंडून येत नाही. कायद्याने काढलेला शब्द लोकांनी जपला. पुढे ‘दुष्काळसदृश’ हा आणखी एक शब्द निघाला, आणि २०१६मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात असताना सरकारला सांगावे लागले की तो ‘दुष्काळ’ असाच वाचावा.

शहापूर, मुरबाडची गोष्ट तर दुष्काळाचीही नाही. इथे वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण जमीन सह्याद्रीच्या उताराची, माती पातळ, खाली काळा कातळ. चार महिन्यांचे पाणी धो धो येते आणि तसेच वाहून जाते. फाल्गुन सरता सरता विहिरी तळ गाठतात. मग बाया नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणतात आणि त्यात पाझरलेले पाणी वाटीने हंड्यात भरत बसतात. एकीचा हंडा भरेपर्यंत दुसरीने थांबायचे. गढूळ आले तर ते निवळेपर्यंत दोघींनी थांबायचे. रांग रात्रीही मोडत नाही, कारण झिऱ्यात रात्री पाणी जरा जास्त साठते.

अशा मुलखाला साठवणुकीचाच आधार, आणि साठवण इथे भरपूर आहे. तानसा धरण १८९२चे, मोडकसागर १९५७चे, त्यानंतर भातसा, आणि २०१४मध्ये मध्य वैतरणा. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातशातून जाते. पावसाळ्यात ‘मुंबईचा तानसा तलाव भरून वाहू लागला’ ही बातमी आपण आनंदाने वाचतो. तानसा आहे शहापूर तालुक्यात. एका षष्ठी विभक्तीने तलावाचा गाव बदलतो, आणि तो बदलला की त्या तलावाच्या काठची कोरडी विहीर वेगळीच, स्थानिक गोष्ट होऊन बसते. शहापूरच्या गावांसाठी नळयोजना मंजूर झाली, तिचे पाणी यायचे आहे भावली धरणातून. भावली आहे नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीला.

मुंबईला पाणी देऊ नये, असे म्हणणे अजिबात नाही. शहापूरची कितीतरी माणसे रोज लोकलने त्याच शहरात कामाला जातात. मुद्दा निर्णयाचा आहे. कोणते पाणी कोणी कुठे न्यायचे हे गेली सव्वाशे वर्षे माणसांनी ठरवले, सरकारी कागदांवर सह्या करून ठरवले. त्याच्या परिणामाला नाव देताना मात्र आपण निसर्गाकडे बोट दाखवणारा शब्द घेतो. मुरबाडमध्ये हेच ‘ग्रस्त’ या शब्दाने होते. बारवी धरणाच्या पाण्यात घरे गेली ते प्रकल्पग्रस्त, विहीर आटली ते टंचाईग्रस्त, जणू ग्रहणच लागले. काळू धरणाच्या वेळी लोकांनी हा शब्द आधीच अंगाला लावून घेतला नाही. वनखात्याची मंजुरी नसताना काम सुरू झाले, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि २०१२मध्ये कामाला स्थगिती मिळाली.

दर ऑक्टोबरला जिल्ह्याचा ‘टंचाई कृती आराखडा’ तयार होतो. तीन तिमाह्या, आणि ठरलेले उपाय: विंधन विहीर, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, गाळ काढणे, विहीर अधिग्रहण, शेवटी टँकर. गावाचे नाव, लोकसंख्या, खर्च, सगळे रकाने असतात. त्यात आणखी दोन घालावेत: गावापासून सर्वांत जवळचे धरण किती किलोमीटरवर आहे, आणि त्यातून रोज किती दशलक्ष लिटर पाणी कोणासाठी सोडले जाते. तलाठी आणि ग्रामसेवकांना ही माहिती भरायला एक दुपार पुरेल. आराखडा मंजुरीला येईल तेव्हा सही करणाऱ्या अधिकाऱ्याने टँकरच्या फेऱ्यांचा आकडा आणि धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा एकाच ओळीत वाचावा.